बसून खाणार नाही म्हटल्यामुळे

मौजा कोसंबटोला, ता. सिंदेवाही
पोळ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप श्रीहरीभाऊ यांना डोमाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे घरच्या जावयाने, आधी वाकायची पद्धत आपल्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही वयाने मोठे, आणि मी सध्या जरा पडत्या बाजूला आहे.)

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमची खुशाली कळायला मात्र मार्ग नाही. फोन लावला की एक बाई आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत सांगते की तुम्ही क्षेत्राच्या बाहेर आहात, आणि पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहत असल्याचं पेपरातही आलं आहे. म्हणून पत्र लिहितो. ते आलापल्लीला आठ-दहा दिवस पडून राहील, पण पाणी उतरलं की भामरागडला पोचेल तरी. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा दमा पावसात उसळला का, आणि काळी गाय व्याली का, हे तिन्ही प्रश्न तुमच्या बहिणीचे, म्हणजे चंदाचे आहेत. आमची धानाची रोवणी आटोपली, तलाव सांडव्यापर्यंत भरला आहे, आणि पोळ्याला या वर्षी कोणाचंही डोकं फुटलं नाही.

आता बातमी. आपली रोशनी गरोदर आहे, कार्तिकात दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून चंदाने लगेच जुनी लुगडी काढून गोधड्या शिवायला घेतल्या, डिंक आणला, बाळंतिणीची बाज बाहेर काढून उन्हात टाकली. आणि अमेरिकेहून रोशनीचा फोन आला की, बाबा, मी येऊ शकत नाही. भूपेशच्या (म्हणजे जावयाच्या, लग्नात एका मासोळीचे काटे काढायला ज्याला अर्धा तास लागला होता तोच) व्हिसाची मुदत वाढवायचे कागद तिकडच्या सरकारात अडकले आहेत. अमेरिकेच्या बाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतीलच याचा भरवसा नाही, असं वकील म्हणतो. तिकडे म्हणे रोज टीव्हीवर भांडण चालतं. एक पार्टी म्हणते, बाहेरच्यांनी आमची कामं खाल्ली, धाडा घाला आणि पाठवा परत. दुसरी म्हणते, हे गेले तर कंपन्या आणि दवाखाने चालवायचे कोणी. आणि या दोघांच्या मधे आपला भूपेश कोथिंबीर आणायला निघाला तरी सगळे कागद खिशात घालून निघतो. दहाव्या वर्षी आमचा तलाव पोहून पार करणारी रोशनी आता दाराची घंटी वाजली की दचकते.

मग मी ठरवलं की पोरीला माहेरी येता येत नसेल तर माहेरानं तिच्याकडे जायचं. दोघांनीही. चंदा बाळ-बाळंतिणीचं पाहील, मी बाकीचं. (बाकीचं म्हणजे काय, हे तेव्हा मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.) हे मी बापूरावच्या चहाटपरीवर जाहीर केलं आणि तिथेही लगेच दोन पार्ट्या पडल्या. एकीचं म्हणणं, ज्याचा देश त्याचा कायदा, त्यांनी कोणाला घ्यायचं ते त्यांनी पाहावं. दुसरीचं म्हणणं, आपल्याच गावच्या अर्ध्या बाया दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांना तिथं कोणी कागद मागितला का. मी दुसऱ्या पार्टीत होतो, आणि चांगला रंगात येऊन बोलत होतो. तेवढ्यात बापूराव गाळणी आपटत म्हणाला, "डोमा, तू बोलू नको. मागच्या साली त्या दोघायचे जाळे कोनं जप्त केले?"

तुम्हाला तो किस्सा माहीत नाही, म्हणून सांगतो, जरी त्यात माझी शोभा नाही. आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष मीच. मागच्या वर्षी मीच ठराव मांडला की बाहेरगावच्या माणसाने आपल्या तलावात जाळं टाकायचं नाही. पंधरा दिवसांत शेजारच्या गावचे दोघे सापडले. त्यातला एक हात जोडून म्हणाला, "माही आजी याच गावची होती जी." मी म्हटलं, "आजीचा कागद आन." तेव्हा सगळे हसले होते आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. त्या दोघांची जाळी सोसायटीच्या खोलीत अजून टांगलेली होती, आणि बापूरावने नाव काढल्यावर मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. (जाळी मी व्हिसासाठी मुंबईला जाऊन आल्यावर स्वतः नेऊन दिली. मिटिंगच्या वहीत कारण लिहिलं, 'खोलीत ओल येते.' त्या माणसाच्या घरी भात खाऊन आलो. त्याची आजी खरंच आपल्या गावची निघाली, आणि वरून माझ्या आईची मैत्रीण.)

असो. चंद्रपूरला जटपुरा गेटजवळ गोपाल नावाचा एक मुलगा व्हिसाचे फॉर्म भरून देतो. तो म्हणाला, काका, साहेबाच्या मनात एकच शंका असते की ही माणसं गेली तर परत येतील का. ती शंका घालवायची. मग आम्ही कंबर कसली. सातबारा घेतला. सरपंचाचं पत्र घेतलं. सगळ्यात भारी कागद सोसायटीच्या सचिवाने टाइप करून दिला, गोल शिक्का मारून. आमच्या तलावात जाळं पाळीनं पडतं, प्रत्येक घराचा दिवस ठरलेला. ज्या घराचं माणूस हजर नाही त्याची पाळी पुढच्या घराला जाते. आमची पाळी चंदाच्या नावाने आहे, आणि ती पौषात येते. तेव्हा सदर बाई पौषाच्या आत तलावावर हजर राहणे बंधनकारक आहे, असं सचिवाने लिहून दिलं. चंदाने म्हशीचाही फोटो घेतला, कारण ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. गोपालने शेवटी बजावलं, "काका, जेवढं विचारलं तेवढंच सांगा." मी थोडक्यात बोलणारा माणूस आहे हे तुम्ही जाणताच. (तुमच्या मुलीच्या लग्नात मी दोन शब्द बोलायला उठलो होतो आणि पंगत थांबली होती, ती गोष्ट वेगळी. तिथे माईक चांगला होता.)

मुंबईत पहिल्या दिवशी बोटांचे ठसे. माझे ठसे मशीन घेईना. चाळीस वर्षं जाळ्याच्या दोऱ्या ओढून बोटं गुळगुळीत झाली आहेत. तिथल्या पोरीने फडक्याने पुसली, मलम लावलं, पुन्हा दाबायला लावली. शेवटी कसाबसा अंगठा उठला. रांगेतली सुटाबुटातली माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो, कारण इतक्या स्वच्छ बोटांची इतकी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या वकिलातीत दोघांची मुलाखत. खिडकीपलीकडे एक तरुण गोरा साहेब, चेहऱ्याने गरीब, आणि शेजारी मराठी सांगणारी एक मुलगी, पुस्तकातल्यासारखी शुद्ध बोलणारी. कशाला चाललात, कोणाकडे, किती दिवस, इथपर्यंत सगळं सुरळीत. मग तिने विचारलं, "आजोबा, तिथे गेल्यावर तुम्ही काय करणार?"

आता श्रीहरीभाऊ, तुम्हीच न्याय करा. रोवणीच्या दिवसांत आपण कोणाच्या घरी गेलो आणि खाटेवर बसून राहिलो, असं कधी झालं आहे का? मागच्या आषाढात तुम्ही आमच्याकडे आलात, तर गुडघा धरून का होईना पण धानाच्या बांधीत उतरून रोवायचे परे काढलेतच की नाही? मुलीच्या घरचं अन्न खायचं म्हणजे आधीच जीव संकोचतो, त्यात दोन-तीन महिने नुसतं बसून खाणार, हे परक्या माणसासमोर मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मी छाती काढून म्हटलं, "बसून खानारा मानूस नाई मी. काम करीन."

भली पोरगी. तिने मला वाचवायचा प्रयत्न केला, हे मला आता कळतं. म्हणाली, "आजोबा, तुम्हाला म्हणायचंय की नातवंडाला भेटायला, फिरायला जाणार?"

"फिराले कायले जाईन, बाई? गाव का कमी आहे फिराले? कामालेच जातो."

साहेबाने मान वर केली आणि तिच्यामार्फत विचारलं, कोणाकडे काम करणार. मला वाटलं, गडी पसंत पडलो. मी सांगितलं की जाळं विणतो, मासोळी साफ करतो, छपराचे कवेलू फेरतो, धान रोवतो, बांध घालतो, आणि जो सांगेल त्याचं करतो. वर हेही सांगितलं की मजुरी नाही दिली तरी चालेल, दोन वेळचं जेवण पुष्कळ झालं. तिकडे सगळ्या देशाचं डोकं ज्या एका गोष्टीने फिरलं आहे, नेमकी तीच गोष्ट मी सरकारी खिडकीवर उभा राहून, कोणी जबरदस्ती न करता, तपशीलवार कबूल केली.

साहेबाने मला एक चिठ्ठी दिली. त्यात लिहिलं होतं म्हणे की तुम्हाला व्हिसा देता येत नाही. त्याचा चेहराही पडला होता, म्हणून मीच त्याला नमस्कार केला आणि सरळ दाराबाहेर आलो. वाटलं, चंदा मागेच आहे. वळून पाहतो तर नाही. परत आत जाऊ लागलो तर दारावरचा गार्ड म्हणे, काका, बाहेर पडलेला माणूस पुन्हा आत जात नाही. मग फुटपाथवरच्या कठड्यावर बसून राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी चंदा आली, आणि तिच्या हातात पासपोर्ट नव्हता. मी म्हटलं, माझ्यापायी हिचाही जप्त केला. तर रांगेतल्या एकाने सांगितलं की काका, ज्याला व्हिसा मिळतो त्याचाच पासपोर्ट ठेवून घेतात. माझा माझ्याच खिशात होता.

तर अशा रीतीने तुमच्या बहिणीला अमेरिकेचा व्हिसा मिळालेला आहे. आत काय बोलणं झालं ते ती सांगत नाही, पण सांगायची गरजही नाही. पाळीच्या कागदाने काम केलं हे उघड आहे. गावात मी तसं सांगितलंही, आणि सचिव तेव्हापासून जरा मान ताठ करून चालतो. माझं मात्र गावात पुरतं हसं झालं. टपरीवर पाय ठेवला की बापूराव विचारतो, "काऊन डोमा, कामावर नाई गेला आज?" मी मनावर घेत नाही. पोरीपाशी तिची माय पोचते आहे, मला आणखी काय पाहिजे. तिकडचं भांडण आज ना उद्या निवळेल. जाळी आम्ही परत दिली, तसे तेही कधी कागद मोकळे करतील. दसरा झाला की चंदा निघेल. तिची तयारी जोरात आहे, आणि मी स्वयंपाकाला हात घातला आहे. परवा मी केलेली भाकर आम्ही दोघांनी खाल्ली.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, काळ्या गायीच्या पाठीवरून माझा हात फिरवा.

तुमचा,
डोमा

ता. क. : तयारी जोरात आहे असं वर लिहिलं ते खरं नाही. चंदाने अजून बॅगेत एक लुगडंही टाकलेलं नाही. नागपूरच्या पुढे ती एकटी कधी गेली नाही, आणि आता विमानाचं नाव काढलं की उठून म्हशीकडे जाते. तिकडे पोरगी दिवस मोजते आहे. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. तुम्ही मोठे भाऊ म्हणून जरा दटावून लिहा की जायलाच पाहिजे. डोमाला सगळं जमतं, तो एकटा मजेत राहील, असंही लिहा.

आणखी ता. क. : मी लिहायला सांगितलं हे तिला कळू देऊ नका. भाकरीचंही खरं सांगतो, ती म्हशीने खाल्ली.

भाऊ, मी चंदा लिहून राह्यली. यायनं पाकीट मले पोस्टात टाकाले देलं. डिंक ओला होता, म्हणून उघडून वाचलं. सोसायटीचा कागद त्या साहेबानं हातातबी घेतला नाई. हे बाहेर गेले, मंग त्यानं मले विचारलं का बाई, तू वापस येशीन हे कायच्यावरून मानू? मी दाराकडे बोट दाखवलं. म्हटलं, तो मानूस आता इथीच राह्यला ना, मले येनंच पडते. त्या पोरीनं त्याले समजावून सांगितलं, तो हासला अन् माहा पासपोर्ट ठेवून घेतला. यायले मी हे सांगितलं नाई. सांगितलं तर साऱ्या गावात म्हनत फिरतीन का व्हिसा मीच काढून देला. बॅग भरली नाई असं यायले वाटते. रोशनीच्या जुन्या पेटीत सारं भरून ठेवलं आहे, डिंकाचे लाडू सोडून. यायच्या डोळ्यासमोर भरली तर यायचं तोंड उतरते, ते मले पाहवत नाई. मी जाऊनच राह्यली. तू दटावून लिहू नको. पानी उतरलं का दसऱ्याले इथी ये अन् मी येतपर्यंत राहा. मी बोलावलं म्हनून सांगू नको, गुडघ्याले सिंदेवाहीच्या डॉक्टरचं औषध चालू आहे म्हनजो. लग्न झाल्यापासून हे एका रात्रीबी एकटे झोपले नाई. यायले वाटते जमन. यायले एकट्याले झोप येत नाई, हे यायले माहीत नाई, मले माहीत आहे.