माशावरचं दूध

पुणे, ९ नोव्हेंबर २००७

आये, तुका नमूचो नमस्कार.

लहानपणी बांगड्याच्या जेवणावर दूध प्यायले, म्हणून मला कोड फुटलं, असं तू धरून बसलीस. "माझ्याच हातान झाला" म्हणत मासे सोडलेस. देवगडच्या बंदरावर दिवसभर मासे विकतेस आणि घरी येऊन पेज-लोणचं जेवतेस. आता खा गो. तुझी चूक नव्हती, असं इथल्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं.

त्या म्हणाल्या, कातडीला रंग देणाऱ्या पेशींत बारीक बारीक चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया नावाच्या. माझ्या चुली ओलं लाकूड घातल्यासारख्या नुसत्या धुमसतात आणि त्या धुराने पेशी मरतात. चूल नीट पेटवायचं औषध अजून निघालेलं नाही. मलम लावते, तरी डाग ओठांवर आलाय. बाकी मी बरी आहे.

या चुली प्रत्येकाला आईकडूनच मिळतात म्हणे. मग रोगही मिळतो का, विचारलं. नक्की कुणालाच माहीत नाही, म्हणाल्या. माझ्या रियाला न्हाऊ घालताना मी रोज तिची बोटं बघते. अजून काही नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? मासे खायला लाग.

मासे असले की त्या दिवशी रियाला मात्र मी दूध देत नाही.

तुझी,
नमू