दोनशे बारा कुलूपबंद कलमं

६ जानेवारी, सोमवार
नवीन वर्षाचे संकल्प. एक, रोजनिशी रोज लिहिणे. दोन, गोड बंद. तीन, ऑफिसातला एकतीस वर्षांचा गोंधळ निस्तरणे.

तिसऱ्याची संधी आजच चालून आली. टॉलेफसन वकिलांनी मला आणि मार्लीसला केबिनमध्ये बोलावलं. मृत्युपत्रं जोडणारं सॉफ्टवेअर घेतलंय म्हणाले. गिऱ्हाइकाची उत्तरं आत टाकायची, की ते साठ्यातली योग्य ती कलमं उचलून अख्खं मृत्युपत्र तयार करतं. साठा मात्र आपण लावायचा. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, हे एकदा नीट चाललं की एक मेपासून इथे दोघांचं काम उरणार नाही, एकाचंच उरेल. एवढं बोलून त्यांनी घाईघाईने बर्फाचा विषय काढला.

बाहेर आल्यावर मार्लीस म्हणाली, काय रे व्हर्न, आपल्या दोघांत कोणाची उचलबांगडी? मी म्हटलं, भलतंच काय बोलतेस. मनातून मात्र वाईट वाटलं. बिचारी बावीस वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसते.

७ जानेवारी
साठ्याला ‘कलमकोश’ असं नाव दिलं. टॉलेफसन म्हणाले, फोल्डर म्हण की सरळ. काही माणसांना दूरदृष्टी नसते.
दुपारी मार्लीसने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. तीन खाल्ल्या. नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.

२२ जानेवारी
जुन्या फायलींतून एक हजार एकशे चाळीस कलमं निघाली. ‘माझं घर माझ्या बायकोला’ हे एकच वाक्य सत्तावीस तऱ्हांनी लिहिलेलं. आमच्याकडची रीतच तशी. नवं मृत्युपत्र करायचं तर कोणाचं तरी जुनं काढायचं, नावं बदलायची आणि छापायचं. मार्लीसने तर बर्था आमोट नावाच्या बाईच्या मृत्युपत्रावर बावीस वर्षं काढली. बर्थाबाईंना जाऊन पंधरा वर्षं झाली, पण आमच्या डुलुथ शहरातल्या निम्म्या इस्टेटींवर अजून त्यांचाच शब्द चालतो.
हे आता बंद.

२३ जानेवारी ते ९ फेब्रुवारी
रोजनिशी लिहायला वेळ झाला नाही. काम.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी ४.१०
दोनशे अकरा कलमं झाली. प्रत्येक शब्द मी स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा वाचला. शेवटचं राहिलं होतं ते किरकोळ चीजवस्तूंचं, म्हणजे कपाटं, बंदुका, होड्या वगैरे कोणाला जाव्यात ते. एका जुन्या मासेमार गिऱ्हाइकाच्या मृत्युपत्रात ते फार सुरेख सापडलं. काय भाषा! तळाची दोन वाक्यं वाचायची राहिली, कारण रस्ते निसरडे होण्याआधी घरी पोचायचं होतं. पण सुरुवात इतकी चांगली असली की शेवट वाईट असूच शकत नाही. उचलून कोशात टाकलं.
दोनशे बारा. मी एकट्याने!
(मार्लीसने एकशे तीस टाइप केली. पण टाइप करणं म्हणजे काम नव्हे.)

३ मार्च, सोमवार
कोश सुरू. सगळ्या कलमांना कुलूप लावलं. आता माझ्याशिवाय कोणी स्वल्पविरामही हलवू शकत नाही. कोणाला बदल हवा असेल तर अकरा रकान्यांचा अर्ज भरायचा. अपूर्ण अर्ज वाचला जाणार नाही. मंजुरीला दोन जणांच्या सह्या लागतील, एक माझी आणि दुसरी मार्लीसची. तिचं नाव मी मुद्दाम घातलं. माणसाने मोठं मन ठेवावं.

११ मार्च
मार्लीस टेबलाशी येऊन म्हणाली, अरे व्हर्न, ते चीजवस्तूंचं कलम जरा बघतोस का, त्यात खाली... मी तिथेच हात वर केला. म्हटलं, मार्लीस, अर्ज. ती म्हणाली, अरे दोन मिनिटांचं काम आहे, इथे उभ्या उभ्या सांगते. मी म्हटलं, आज तुला उभ्या उभ्या सांगू दिलं तर उद्या सगळे उभे राहतील. ती म्हणाली, सगळे म्हणजे कोण, आपण इन मीन तीन माणसं. शिस्त म्हणजे काय हे हिला कळत नाही.

१३ मार्च
मार्लीसचा अर्ज आला. सातवा रकाना, कलमाचा क्रमांक, कोरा. क्रमांक मी अजून दिलेले नाहीत हे खरं, पण तिने तसं लिहायला हवं होतं. अर्ज फेटाळला. मजकूर वाचला नाही. नियम म्हणजे नियम.

२० मार्च
तिसऱ्यांदा आली. जेवणाच्या सुट्टीत, माझ्या तोंडात घास असताना. म्हणाली, हे बघ, तुला राग येणार नसेल तर एक सांगते. मी म्हटलं, राग येणार असं तुला वाटतं म्हणजे तसंच काहीतरी असणार. ती म्हणाली, बरं, राहू दे, मी बघते.
शेवटी पटलं तिला.
आजपर्यंत मंजूर झालेल्या तक्रारी शून्य. टॉलेफसनांना तसं कळवलं. ते म्हणाले, वा. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

२५ मार्च, मंगळवार, सकाळी ९.२०
हातातलं काम टाकून लिहितोय.
सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाच्या कामाची नोंद राहते. आज सहज उघडून बघितली. जोडणी झाल्यानंतर हाताने फेरफार केलेली मृत्युपत्रं सव्वीस. फेरफार करणारी व्यक्ती, मार्लीस. सव्वीसच्या सव्वीस वेळा.
मी कुलूप लावायचं, आणि हिने रोज मागच्या खिडकीतून आत शिरायचं! समोर बसून, माझ्याकडे बघून हसत! ‘मी बघते’ म्हणजे हे! बर्था आमोटला परत आणायचा डाव आहे, दुसरं काय.

दुपारी २.००
जेवलो नाही. मार्लीसने विचारलं, बरं वाटत नाही का रे, सूप देऊ? मी म्हटलं, मला काही नको. ती म्हणाली, मग गालातलं काय आहे? लिंबाची वडी होती. ती सकाळीच घेतलेली होती, सगळं कळायच्या आधी.

२६ मार्च
झोप लागली नाही. बावीस वर्षं! तिचा नवरा गेला तेव्हा सबंध हिवाळा मी तिच्या दारासमोरचा बर्फ काढला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती दीड महिना डबे आणायची. त्या डब्यांकडे आता मी वेगळ्या नजरेने बघतो.

२७ मार्च
नोंद छापून टॉलेफसनांच्या टेबलावर ठेवली. ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, तिने नेमकं बदललं काय, ते बघितलंस का? मी म्हटलं, साहेब, घरात चोर शिरला की त्याने काय नेलं ते आपण नंतर बघतो. वाक्य चांगलं जमलं. ते म्हणाले, तुला खात्री आहे ना? हा साधा प्रश्न नाहीये, व्हर्न. एक मे जवळ आलाय. मी म्हटलं, शंभर टक्के.
मला यात व्यक्तिशः काही नको आहे. न्याय झाला की झालं.

२८ मार्च, शुक्रवार
टॉलेफसनांनी मार्लीसला निर्णय होईपर्यंत घरी राहायला सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही, काही समजावूनही सांगितलं नाही. आमच्या बाजूची माणसं तशीच. बरं म्हणाली आणि खोका आणायला गेली. झाडाची कुंडी, दोन फोटो, चपला.
मी कामात असल्यासारखं दाखवत होतो. खोका उचलून माझ्या टेबलाशी थांबली. मला वाटलं, आता माफी मागेल. म्हणाली, सोमवारपासून मी नाहीये, तर चीजवस्तूंच्या कलमाकडे तेवढं बघ हं. आणि गुडघ्याला जप, पार्किंगमध्ये खाली बर्फाची काच झालीये नुसती.
अशा वेळीसुद्धा कलम! मला अपराधी वाटावं म्हणून हे सगळं. मी बधलो नाही.

१ एप्रिल
मार्लीसचं नाव मंजुरीच्या यादीतून काढलं. ऑफिस किती शांत आहे. एकाग्रतेला उत्तम.
नऊ मृत्युपत्रं जोडून छापून सह्यांसाठी तयार. कोणाचा हात लागलेला नाही. जशी कोशातून आली तशीच.

३ एप्रिल
शांतता जरा जास्तच आहे. रेडिओ आणला.

८ एप्रिल, मंगळवार, दुपारी १२.३०
जे झालं ते क्रमाने लिहितो.
दहा वाजता आर्डिस केम्पाइनेन बाई सहीला आल्या. एकोणऐंशी वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचा मेहुणा त्यांना गाडीतून घेऊन आला होता आणि शेजारीच टोपी मांडीवर ठेवून बसला होता. टॉलेफसनांची सवय अशी की सहीपूर्वी सगळं मोठ्याने वाचतात. घर झालं, शेअर झाले, चर्चची देणगी झाली. चीजवस्तूंचं कलम आलं. बाई मान डोलवत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्यासुद्धा, किती छान लिहिलंय. मी नम्रपणे खाली बघितलं.
मग टॉलेफसनांनी वाचलं, ‘माझा मेहुणा ड्वेन याला माझ्या मासेमारीच्या खोपटीत पाऊल ठेवू देऊ नये. कारण त्याचं त्याला ठाऊक आहे.’
बाईंकडे खोपटी नाही. बाईंनी आयुष्यात मासा धरलेला नाही. पण शेजारी टोपी घेऊन बसलेल्या मेहुण्याचं नाव ड्वेनच होतं.
टॉलेफसनांनी चष्मा काढून पुसला. बाई म्हणाल्या, हे मी सांगितलेलं नाही. आणि ड्वेन पांढराफटक पडून म्हणाला, आर्डिस, तुला हे कोणी सांगितलं?
बाई वळल्या. वर्गात मागच्या बाकाकडे वळायच्या तशाच वळल्या असणार. म्हणाल्या, काय कोणी सांगितलं, ड्वेन?
पुढची वीस मिनिटं मी लिहीत नाही. त्यात एक तळं, बाईंचे दिवंगत यजमान आणि एकोणीसशे एक्क्याऐंशी साल होतं. बाई घरी टॅक्सीने गेल्या. सही झाली नाही.

दुपारी ३.००
उघड आहे. हे मार्लीसचं काम. जाता जाता सुरुंग पेरून गेली. ‘तेवढं बघ हं’ म्हणाली तो टोमणा होता. टॉलेफसनांना तसं सांगितलं. ते म्हणाले, नोंद काढ.

दुपारी ३.४०
नोंद काढली. कलम: किरकोळ चीजवस्तू. भरणारा: व्हर्न हॅगबर्ग. तारीख: १४ फेब्रुवारी. त्यानंतर बदल: एकही नाही.

९ एप्रिल
मार्लीसची सव्वीस मृत्युपत्रं एकेक करून उघडली. प्रत्येकात फेरफार एकच. तिने तळाची ती दोन वाक्यं पुसली होती. बाकी स्वल्पविरामालाही हात लावला नव्हता. सव्वीस वेळा हेच, न बोलता, मला कमीपणा येऊ नये म्हणून.
मग फेटाळलेला अर्ज वाचला. सुधारणेच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘व्हर्न, ड्वेनला काढ. टॉलेफसनांना सांगायची गरज नाही.’
मला कोणीतरी दगा दिला, हे मी पंधरा दिवस सांगत फिरत होतो. रेडिओलासुद्धा.

१० एप्रिल
कलम दुरुस्त करायला गेलो. कुलूप. अर्ज भरला, अकराही रकाने. अर्ज करणारा आणि मंजूर करणारा एकच असल्यामुळे सॉफ्टवेअरने तो परत पाठवला. दुसरी सही लागते. दुसऱ्या सहीचं नाव मीच काढून टाकलेलं आहे.
उरलेल्या आठ गिऱ्हाइकांना फोन केले. त्यांपैकी एकाने विचारलं, ड्वेनने केलं तरी काय? मी म्हटलं, ठाऊक नाही. तो म्हणाला, मग राहू द्या, असेल काहीतरी.

१५ एप्रिल
टॉलेफसनांनी मार्लीसला फोन केला. माफी मागितली, परत ये म्हणाले. ती म्हणाली, फार आभारी आहे, पण सोमवारपासून मी काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात लागते आहे. फोन ठेवून ते मला म्हणाले, चला, तुझा प्रश्न सुटला. एक मेपासून एकाचंच काम आहे आणि तो एक तू आहेस.
अभिनंदन म्हणाले नाहीत. मीही आभार मानले नाहीत.

१९ एप्रिल, शनिवार, संध्याकाळी ५.००
मार्लीसकडे गेलो. काय बोलायचं ते गाडीत चार वेळा म्हणून बघितलं होतं. तिने दार उघडलं, ये म्हणाली, कॉफी दिली. मी म्हटलं, मार्लीस, माझं चुकलं. ती म्हणाली, ठीक आहे रे. मी म्हटलं, नाही, मी तुला चोर म्हटलं, आणि न बघता म्हटलं. ती म्हणाली, ठीक आहे म्हटलं ना, साखर हवी का? मला किती साखर लागते ते तिला बावीस वर्षं ठाऊक आहे. आज तिने विचारली.
तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. हवेविषयी बोललो. मग मी निघतो म्हटलं.
आमच्याकडे निघतो म्हटल्यावर कोणी निघत नाही. खुर्चीतून उठून पंधरा मिनिटं, दारात कोट घालून पंधरा, आणि मग गाडीच्या काचेतून नवीनच गोष्ट आठवते. मार्लीसच्या दारातून निघायला मला तासाच्या आत कधी जमलेलं नाही.
आज ती म्हणाली, बरं, सांभाळून जा. आणि दार लावलं.
मला फार वाईट वाटलं. गाडी सुरू करून तिथेच बसलो. थोड्या वेळाने तिच्या खिडकीतला पडदा हलला, तेव्हा मी घाईने गाडीची काच खाली केली.
मांजर होतं.