हिराजीचा अडलेला ‘जी’

पनवेल, रविवार, ३ फेब्रुवारी १९५२

पोवाड्यात दर चौकाच्या, म्हणजे कडव्याच्या, अखेरीस मागे सूर धरणारे झीलकरी ‘जी जी जी’ का म्हणतात? शाहिराला दम घेता यावा म्हणून, असे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. अपुरे शिकवले!

आज संध्याकाळी तळ्याकाठी मिठागरावरच्या सत्याग्रहाचा पोवाडा झाला. ऐन रंगात शाहिरांनी नवीच ओळ जोडली : लाठ्या पडताच सारे पळाले. झीलकऱ्यांतल्या म्हाताऱ्या हिराजीचा ‘जी’ उमटलाच नाही.

“हिराजीबुवा, जी गिळलात काय?” शाहीर हसले.

“खोट्याला जी नाय! माजा भाऊ पलाला नाय. मिठाची पाटी डोक्याव घेऊन पडंस्तवर उभा व्हता. मी बगलंय.”

शाहिरांनी डफ कपाळाला लावला आणि ओळ फिरवली : एक मात्र उभा राहिला. मग हिराजीचा जो ‘जी’ चढला, तो अजून कानांत घुमतो आहे!

म्हणजे ‘जी’ ही साक्षही असते. हे मला इतकी वर्षे कसे...?

त्या सत्याग्रहावर मी लिहिलेल्या टिपणातही ‘जमाव पांगला’ एवढेच आहे. पडताळा सोपा आहे : उद्या ते वाक्य हिराजीसमोर मोठ्याने वाचायचे, आणि थांबायचे. जी येतो का, पाहू.