दगडावरचं नाव

मानोय एर्मेलो,

चर्चच्या भिंतीवर खापरपणजोबांचं नाव मीच खिळ्यानं कोरलंय. दादा, स्पॅनिश पाद्र्यांनी हे चर्च बांधायला गावाकडून प्रवाळाचे दगड वाहून घेतले तेव्हा आपलं घराणं बेटावर नव्हतंच, असं म्हणून गावातल्या बायका आजीला हिणवायच्या. मला त्यांची जिरवायची होती.

पण फादरनी ते नाव जुनंच समजून प्रवचनात वाचलं. आता आजी रोज त्या दगडाला गाल लावते. "आपल्या माणसाचा घाम आहे रे यात. मेल्यावर मला इथूनच पोचवा."

सोमवारी मनिलाहून दगड तपासणारे येतायत. नाव ताजं आहे हे कुणाला सांगू नका म्हणून मी त्यांच्या पाया पडेन.

हे पत्र टाकायचा धीर झालाच, तर वाचून फाड. कुणाला सांगू नकोस, आजीला तर मरेपर्यंत नाही.

तुझा,
तोन्योय