पाळण्यावरचे पिवळे दोरे

भाद्रपद वद्य २, शके १८०६

चिलटांनी वीट आणला! गोदीचे डोळे सकाळी पुन्हा चिकटलेले. पाळण्यातली पोर, ती हाकलणार कशी? शेवंतीला म्हटलं, लेकीचं तोंड पूस आधी, चूल मग. तर सूनबाई म्हणते, "पुसलं की परत बसतात हो, आत्याबाई."

वद्य ३

शेजारची गंगुबाई येऊन गेली. "देवी कोपली. गावदेवीचा हळदीचा दोरा रोज एक पाळण्यावर सोड. डोळे उघडेपर्यंत काढायचा नाही, सांगून ठेवते!" पहिला सोडला.

वद्य ६

दोरे वाढले, चिलटंही वाढली. एक चिमटीत धरून उजेडात पाहिलं. तिळाहून बारीक, काळं, तकतकीत. चावत नाही मेलं — नुसतं चाटतं. डोळ्यातलं पाणी, पू, तेच त्याचं जेवण. बैलाच्या डोळ्यावरून उठतं ते थेट आमच्या पोरीच्या डोळ्यावर.

उत्तम मिठागरावरून आला. म्हणाला, "आई, खाडीवर वारा आहे, तिथं एक टिकत नाही. ठाकुर्लीला सासरी मात्र अशीच." म्हटलं, मग सासरचीच आली असतील! शेवंतीनं ऐकलं. ऐकू दे.

वद्य ७

येतात कुठून? मोरीमागचा चिखल उकरला. आत पांढऱ्या अळ्या, कणीहून बारीक, वळवळणाऱ्या. शी! तो चिखल मडक्यात भरला, तोंडाला फडकं घालून सुतळीनं आवळलं. बघतेच काय होतं.

वद्य ९

शेवंती म्हणते, "आत्याबाई, तिन्हीसांजेला सगळी त्या दोऱ्यांवरच बसतात. काढू का?"

जीभ हासडीन म्हटलं! देवीच्या दोऱ्याला हात? मोरी तू घाण ठेवतेस आणि दोष देवीला!

रडली. गोदीही रडली. डोळे उघडत नाहीत तिचे.

सर्वपित्री अमावास्या

पानं वाढून झाली, मागचं आवरलं, मग तिन्हीसांजेला मडकं पाहिलं. अळ्या नाहीत. तपकिरी टरफलं, आणि चिलटं! सुतळीचं एक टोक आत लोंबत राहिलं होतं. भिंतीवर नाही, चिखलावर नाही — सगळी त्या टोकावर, एकाला एक चिकटून.

साधी सुतळी. देवीची नव्हे.

तशीच पाळण्याशी गेले. दिवेलागण झालेली. पिवळा दोरा एक दिसेना. सगळे काळे.

विळीवर कापले. चुलीत घातले. मोरीमागं राख ओतली.

आश्विन शुद्ध ४

चिलटं विरळ झाली. आज गोदीनं डोळे उघडले! पू नाही. शेवंती पाया पडली. "तुम्ही होतात म्हणून, आत्याबाई."

बुबुळांवर पांढरं आहे. जाईल म्हटलं, धुऊन धुऊन.

शुद्ध ५

शेवंती पाण्याला गेली, तेवढ्यात दिवा गोदीच्या तोंडासमोरून नेला. इकडे. तिकडे. काही नाही. मागून बांगड्या वाजवल्या — मान वळवून हसली.

दारात घागर टेकल्याचा आवाज झाला. दिवा फुंकून टाकला.