टिळ्याच्या मांडवातले एक्केचाळीस टक्के

रा. रा. श्रीमंतराव व्याही, मुक्काम रेणापूर, यांना कंधारहून व्यंकटीचा रामराम.

आपला गुडघा आता बरा असेल आणि विहीणबाईंचा रागही थोडा उतरला असेल, असं धरून चालतो. इकडं सगळं ठीक. आमचा शिवशंकर आमदारकीला पडला, एवढंच. (ते तुम्हाला कळलंय, हे मला मध्यस्थ सुदामच्या निरोपावरून कळलं.)

निरोप असा, की पेपरातला सर्वे दाखवून आम्ही तुम्हाला फसवलं. ‘आता लग्नाचं पुढं बघू’, असंही. श्रीमंतराव, तो पेपर तुम्हीच मला फोनवर वाचून दाखवला होता. ‘जावयाच्या पक्षाला एक्केचाळीस टक्के’ हे तर दोनदा वाचलं होतं. मीही हुरळलो, गुलालाची दोन पोती आणून ठेवली. मतं पडली तेराशे चार. जागा राहिली बाजूला, डिपॉझिटही गेलं. मग एवढे टक्के गेले कुठं, म्हणून सर्वे करणाऱ्या करिश्माबाईंना गाठलं.

त्यांना दहा गावं फिरून दोनशे माणसांना विचारायचं होतं. ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात आमच्या दारात मांडव दिसला आणि आत दोनशे माणसं आयती जेवायला बसलेली. तो आपल्या पोरांच्या टिळ्याचा दिवस. बाईंनी पानापानाशी जाऊन ‘मत कुणाला’ विचारलं. (मत कुठं आहे, हे विचारायचं राहिलं.) टिळ्याला मुलीकडचेही लोक भरपूर, तुम्ही तर बस आणि वर दोन टेम्पो भरून आणले होते. तुमचे थोरले चुलते बोटं चाटत म्हणाले, “ज्याचं खाऊन राहिलो, त्यालाच की!” बाईंनी ते लिहून घेतलं. म्हणजे एक्केचाळीस टक्के सगळे रेणापूरचे, आणि त्यांची मतं आमच्या मतदारसंघात नाहीत, लातूर जिल्ह्यात! आमच्या गाववाल्यांनी मात्र बाईंना खरं तेच सांगितलं होतं, “पोरगं लई गुणाचं हाय, पण निवडून येत न्हाई. मत कशाला वाया घालावं?”

तेव्हा फसवलं असेल तर तुम्हाला तुमच्याच पाहुण्यांनी फसवलं. मला राग नाही, वाईट मात्र फार वाटलं. शिवशंकर पडल्याचं काही बोलत नाही. तुमच्या साक्षीचा फोन येईना, एवढंच आईला सांगतो.

आपला,
व्यंकटी

ता. क. : आमदार झाला नाही, तरी जावई म्हणून पोरगा चांगला आहे. लग्न मोडू नका, हात जोडतो.

ता. क. दुसरा : शिवशंकर आता जिल्हा परिषदेला उभा राहतोय, तिचा सर्वे सतरा तारखेला आमच्या गावात आहे म्हणे. त्या दिवशी मुहूर्त नाही, पण भटजींना मी समजावतो. लग्न तेव्हाच धरू. बस मात्र दोन आणा.