टॉलिव्हरची सही

डेटन, ओहायो
४ मार्च १९७९

ती. नॉर्माताईस,
लेस्टरचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला हटला का? नात सुखरूप बाळंत झाली ना? मी ठीक. एकट्या जिवाला काय धाड भरलीय!

पपांनी माझ्या सातव्या वाढदिवसाला दिलेला, त्या नामांकित बेसबॉलपटू बक टॉलिव्हरच्या सहीचा चेंडू आठवतो? त्याच्यापायी मी जन्मभर बेसबॉलच्या जुन्या बॅटी, ग्लव्ह, तिकिटं गोळा करत बसलो. गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या बाजारात तो पारख्याला दाखवला. भिंग लावून म्हणाला, आजोबा, ही सही टॉलिव्हरची नव्हेच. माझा दोस्त अर्ल खिदळला, म्हणाला, लेस्टर, जन्मभर दुसऱ्याचंच पोर खांद्यावर नाचवलंस की! तेव्हापासून शनिवारच्या कॉफीला मी कुणाला बोलावत नाही.

पपा फसले, की त्यांनी मला फसवलं? चेंडू दिला, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात ते गेले; विचारणार कुणाला? आता सारं विकून टाकावं म्हणतो.

तुझा,
लेस्टर


स्पोकेन
१३ मार्च

चि. लेस्टरला अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, हे खोकतात, नातीला मुलगी झाली. नाक थेट तुझं, बिचारी!

काही विकू नकोस, वेड्या. सही पपांनीच केली. टॉलिव्हरच्या संघाच्या खोलीत ते खेळाडूंचे कपडे धुवायचे, बूट पुसायचे. सहीसाठी चेंडूंचे खोके आले की टॉलिव्हर सांगायचा, तूच कर रे माझ्या नावानं. पण तुझ्या चेंडूसाठी ते त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले होते. तो म्हणाला, पोराला काय कळतंय. मग पपांनी घरी येऊन, जीभ दातांत धरून, त्याचं नाव स्वतःच लिहिलं. मी बघितलं, म्हणून आईनं तंबी दिली, लेस्टरला सांगायचं नाही. ती गेली तरी मी पाळत बसले.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई


डेटन
२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पणतीला माझा पापा. नाकाची काळजी नको, वाढत्या वयात शोभतं.

पुन्हा बाजारात गेलो होतो. नाकारलेले चेंडू तो पारखी टेबलाखाली टाकून देतो. मी विचारलं, टॉलिव्हरच्या खोट्या सह्या आहेत का? त्यानं खोकंच पुढे सरकवलं. माझा चेंडू शेजारी धरून एकेक ताडून पाहिला. तेच अक्षर! एकावर घाईघाईचं, एकावर दमून तिरकं झालेलं. पिशवीभर आणले. अर्ल म्हणतो, म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणू दे.

फडताळावर मांडलेत. घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं. पण सगळीकडे नाव त्या मेल्या टॉलिव्हरचंच गं. पपा स्वतःचं नाव कसं लिहायचे? मला काही केल्या आठवत नाही. तुला आठवत असेल तर तसंच काढून, उलटटपाली पाठव.

तुझा,
लेस्टर